आधी खांब रोवा

तुमच्या घराच्या पत्रपेटीची किल्ली आत्ता कुठे आहे?

शहरात राहत असाल तर जिन्याखाली पत्र्याच्या पेट्यांची एक रांग असेल. त्यातली एक तुमची. तिचं दार वाकलंय, कुलूप गंजलंय, आत क्लासेसची पत्रकं आणि आधीच्या भाडेकरूच्या नावाचं विम्याचं पाकीट पडलंय. गावाकडच्या घराबद्दल हाच प्रश्न विचारला तर तुम्ही हसाल. गावाकडे कसली पेटी? तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. पोस्टमन येतो, हाक मारतो, घरात कुणी नसलं तर शेजारी नाहीतर दुकानात देऊन जातो.

हे जे 'दुकानात देऊन जातो' आहे ना, त्यावर माझा राग आहे. पोस्टमनवर नाही, दुकानदारावर तर नाहीच. राग आपल्यावर आहे. आपण गावात दोन मजली घर बांधतो, गच्चीवर डिश लावतो, गेटच्या खांबांवर सिमेंटचे सिंह बसवतो, आणि आपल्या नावानं आलेला कागद ठेवायला वीतभर जागा करत नाही. माझं म्हणणं असं: गावातल्या प्रत्येक घरासमोर एक खांब असावा, खांबावर कुलूप असलेली पेटी असावी, आणि पेटीवर घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं असावीत. आम्हाला खर्च आला दोन हजारांच्या आत, वेळ गेला एक शनिवार-रविवार. ती पेटी आधी नसल्याचा खर्च किती आला, ते आधी सांगतो.

*

आमचं घर म्हशाला. मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. ठाणे जिल्ह्यात या गावाचं नाव निघतं ते पौष पौर्णिमेला सुरू होणाऱ्या यात्रेमुळे आणि तिथल्या बैलांच्या बाजारामुळे. बाबा कल्याणला नोकरी करतात, मी पुण्यात कोड लिहितो, बहीण नर्सिंग शिकते. गावात आजी एकटी. थोडी भातजमीन आहे, ती आजीच्या आणि बाबांच्या नावावर.

यात्रेला आम्ही सगळे जमतो. गेल्या वेळी जमलो तेव्हा आजीनं भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचलेलं एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "हा कागद आलाय, बघ रे काय आहे." कागद मोजणीच्या नोटिशीचा होता. आमच्या शेताला लागून असलेल्या खातेदारानं 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज केला होता. अमुक तारखेला भूकरमापक येतील, लगतचे खातेदार म्हणून तुम्ही हजर राहा, असं त्यात लिहिलं होतं. ती तारीख उलटून तीन आठवडे झाले होते.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. शेताची हद्द कागदावर एक असते आणि बांधावर एक असते. बांध वर्षानुवर्षं सरकतो, पावसात खचतो, नांगराबरोबर थोडा इकडे-तिकडे होतो. मोजणीच्या दिवशी भूमी अभिलेखचा माणूस नकाशा आणि यंत्र घेऊन येतो, मोजतो, खुणा घालतो. शेजारचा खातेदार त्या दिवशी हजर असेल तर जुना दगड दाखवू शकतो, तिथल्या तिथे हरकत लिहून देऊ शकतो. हजर नसेल तर मोजणी थांबत नाही. आमच्या बाबतीत नव्या खुणा बांधाच्या आमच्या बाजूला पडल्या. त्या बरोबर असतील किंवा नसतीलही. पण त्या पडताना आमच्या घरातलं कुणीही तिथे नव्हतं.

मी सवयीप्रमाणे लॉग तपासतात तसा त्या पाकिटाचा प्रवास तपासला. नोटीस कार्यालयातून वेळेत निघाली होती. साध्या टपालानं गावात वेळेत आली होती. त्या दिवशी घराला कुलूप होतं, कारण आजी खळ्यावर भाताच्या झोडणीला गेली होती. म्हणून पाकीट कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलं. दुकानदारानं ते काट्यामागे नीट उभं करून ठेवलं. आठवडाभरानं आळीतला एक मुलगा साखर न्यायला आला, त्याच्या हाती दिलं. मुलाच्या दप्तरात ते दोन-तीन दिवस राहिलं. मग आजीला मिळालं. आजीला वाचता येत नाही, म्हणून तिनं ते कॅलेंडरमागे खोचलं, कारण आमच्या घरात जपून ठेवायचे कागद तिथेच असतात.

या साखळीत एकाही माणसानं वाईट काम केलेलं नाही. प्रत्येकानं उपकारच केला. सगळे चांगले वागले आणि तरी तारीख हुकली. अशा वेळी माणसांना दोष देऊन काही हाती लागत नाही, रचनेत काय कमी होतं ते शोधायचं असतं. रचनेत शेवटचा थांबाच नव्हता. कागद हातातून हातात फिरत राहिला, कारण तो ठेवायला आमच्या मालकीची अशी एकही जागा नव्हती.

आता बाबांनी निमताना मोजणीचा अर्ज केलाय. पहिल्या मोजणीवर हरकत असेल तर वरचा अधिकारी पुन्हा मोजणी करतो, तिला निमताना म्हणतात. त्यावरही समाधान झालं नाही तर सुपर निमताना. प्रत्येक पायरीला फी आहे, रजा आहे, मुरबाडच्या फेऱ्या आहेत.

*

आता पत्त्याकडे बघू. मराठी माणूस गावचा पत्ता 'मु. पो.'नं सुरू करतो. मुक्काम आणि पोस्ट. गावातच पोस्ट असेल तर दोन्ही एकत्र, नसेल तर 'मु.' एक आणि 'पो.' दुसरं. मग तालुका, जिल्हा, पिन कोड. पूर्ण पत्ता नीट वाचलात तर लक्षात येईल की त्यात घर नाही. माणसाचं नाव आहे, गावाचं नाव आहे, आणि मधली जागा मोकळी आहे. ग्रामपंचायतीनं घराला क्रमांक दिलेला असतो, तो नमुना ८ च्या उताऱ्यावर असतो, घरपट्टीच्या पावतीवर असतो. पण पत्ता लिहिताना तो कुणाला आठवत नाही आणि बहुतेक घरांच्या दारावरून तो रंगाबरोबर पुसला गेलाय.

पिन कोडही इथे मदतीला येत नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावं, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत, अक्षर कुणाचं कसंही, या सगळ्यावर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. डेटाबेस हा शब्द घरोघरी पोचायच्या कितीतरी आधी केलेलं हे काम मला माझ्या धंद्यातल्या भल्याभल्या कामांपेक्षा मोठं वाटतं. पण सहा आकडे पत्राला वाटप करणाऱ्या पोस्टापर्यंत आणून सोडतात. तिथून तुमच्या दारापर्यंतचा नकाशा पोस्टमनच्या डोक्यात असतो.

आणि तो नकाशा आता निवृत्त होतोय. खेड्यातलं टपाल मुख्यतः ग्रामीण डाक सेवक सांभाळतात. दिवसाचे चार-पाच तास काम, तेवढ्यात टपाल, बचत खाती, पेन्शन, सगळं. पूर्वी तो गावातलाच किंवा शेजारच्या गावातला असायचा, तीस-तीस वर्षं तेच घर, तीच माणसं. आता या जागा ऑनलाइन अर्जातून, दहावीच्या गुणांवर भरल्या जातात. त्यात गैर काही नाही, उलट वशिल्यापेक्षा बरंच आहे. पण त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यातली तेवीस वर्षांची मुलगी तुमच्या गावात रुजू होऊ शकते. तिला तुमच्या आजोबांचं टोपणनाव कुठून माहीत असणार? एकाच आडनावाची वीस घरं ज्या आळीत आहेत, तिथे तिनं काय करावं? ती दुकानात विचारते. दुकानदार म्हणतो, ठेवून जा. 'आम्हाला सगळे ओळखतात' हा पत्ता त्या दिवसापासून बाद होतो.

*

"पण आता पत्रं येतातच कुठे?" हा पहिला आक्षेप. मी खांब रोवत होतो तेव्हा आळीतल्या प्रत्येकानं तो घेतला.

ख्यालीखुशालीची पत्रं येत नाहीत, खरं आहे. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड मीही कित्येक वर्षांत लिहिलेलं नाही. पण आमच्या घरी एका वर्षात काय आलं ते मोजलं: बहिणीचं एटीएम कार्ड, बाबांचं वाहन परवान्याचं स्मार्ट कार्ड, दुरुस्त झालेलं आधार, सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेची सूचना, विम्याची दोन पाकिटं आणि ती मोजणीची नोटीस. प्रेमानं लिहिलेलं यात एकही नाही. पण यातलं प्रत्येक हुकलं तर पैसे, वेळ किंवा हक्क जातो. पत्रं कमी झालीत आणि म्हणूनच उरलेली प्रत्येक महत्त्वाची आहे. पूर्वी दहा पत्रांतलं एखादं हरवलं तर मामाची खुशाली एका महिन्यानं कळायची, एवढंच.

कायद्याची बाजू तर याहून कडक आहे. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७, कलम २७: कागद योग्य पत्त्यावर, टपालखर्च भरून, रजिस्टर पोस्टानं पाठवला की तो नेहमीच्या वेळात पोचला असं धरलं जातं. पोचला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. जमिनीच्या फेरफाराचंही तसंच. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार नोंद करतात तेव्हा हितसंबंध असलेल्यांना नमुना ९ ची नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस असतात. ते १५ दिवस दुकानाच्या काट्यामागेही मोजले जातात. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, तेव्हा समाजमाध्यमांवर सगळ्यांनी 'एका युगाचा अंत' म्हणून हळहळ व्यक्त केली. नोटिसांचं युग काही संपलेलं नाही. त्या आता स्पीड पोस्टानं येतात.

इथे एक कबुली द्यायला हवी. सही घेऊन द्यायचं टपाल पेटीत टाकता येत नाही, ते हातातच द्यावं लागतं. पण घरी कुणी नसेल तेव्हा 'येऊन गेलो, पोस्टातून घेऊन जा' ही चिठ्ठी ठेवायला तरी जागा लागते. पेटी नसेल तर ती चिठ्ठी दाराच्या फटीतून वाऱ्याबरोबर जाते आणि पाकीट काही दिवस थांबून पाठवणाऱ्याकडे परत.

*

दुसरा आक्षेप माझ्याच जातभाईंचा, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांचा. "लोकेशन पाठव ना!" ऑफिसातल्या एका मित्रानं तर डिजिपिन काढून दाखवला. मे २०२५ मध्ये टपाल खात्यानं आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रासोबत तो आणला. सगळा देश साधारण चार बाय चार मीटरच्या चौकोनांत वाटलाय, प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा कोड. कल्पना सुंदर आहे, कोडही सगळ्यांसाठी खुला आहे, मी तो वाचलाय.

पण आमच्या चौकोनात पोचल्यावर तो माणूस काय करणार? कुलूप लावलेलं दार बघणार आणि दुकानात जाणार. उपग्रह घर कुठे आहे ते सांगतो. पाकीट कुठे ठेवायचं आणि ते कुणाचं, हे सांगायला दारात काहीतरी असावं लागतं. शिवाय लोकेशन पाठवायला फोन हातात असलेला माणूस लागतो. आजीचा फोन बटणांचा आहे, आणि पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही जातो. आम्ही सॉफ्टवेअरवाले नेहमी शेवटचे पाच फूट विसरतो, कारण ते पाच फूट स्क्रीनवर दिसत नाहीत. तिथे कुदळ लागते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त खुपतो: "गावात काय लपवायचंय?"

माझ्या बहिणीचं एटीएम कार्ड दुकानात चार दिवस होतं. ती गावी आली तोवर तीन जणांनी तिला विचारलं होतं, खातं कशाला उघडलंस, किती टाकलेस, बाबांना माहिती आहे का. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण वीस वर्षांच्या मुलीच्या पहिल्या बँक खात्याची चर्चा साखर-चहापत्तीच्या रांगेत झाली. त्या दिवशी तिनं पुढचा पत्ता हॉस्टेलचा दिला. अशाच कारणानं गावातल्या किती मुली स्पर्धा परीक्षेच्या फॉर्मवर मैत्रिणीच्या किंवा मावशीच्या घरचा पत्ता देतात, हे त्यांना विचारून बघा. माहिती अधिकारात ग्रामपंचायतीच्या कामाची माहिती मागणाऱ्याचंही तेच. कायद्यानं ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ते येतं, आणि ज्यांच्याबद्दल विचारलंय तेच दुकानाच्या बाकावर चहा पीत बसलेले असतात. गावात लपवायचं काही नसतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्या नावानं कधी काही नाजूक आलेलं नसतं.

आणि चौथा आक्षेप, खरं तर आक्षेप नव्हेच, उसासा. टपालाबद्दल गहिवरणाऱ्यांचा. सायकलची घंटा, खाकी पिशवी, पत्राची वाट पाहणारी म्हातारी. हे लिहिणाऱ्यांपैकी एकाच्याही दारात धड पेटी मी पाहिलेली नाही. ज्या गोष्टीसाठी इतका गळा दाटतो, तिच्यासाठी एक खांब रोवायला काय हरकत आहे?

*

अमेरिकेतल्या खेड्यांतही एकेकाळी हीच गत होती. शेतकऱ्याला टपाल आणायला गावातल्या पोस्टात जावं लागे. १८९६ मध्ये खेड्यांत घरोघरी टपाल वाटायला सुरुवात झाली. लोकांनी रस्त्याकडेला हाती येईल ते टांगलं: चरबीचे डबे, साबणाची खोकी. पुढे टपाल खात्यानं पेटीसाठी नियम केले, आणि १९१५ मध्ये रॉय जोरोलमन नावाच्या खात्यातल्या इंजिनिअरनं बोगद्याच्या आकाराची ती पत्र्याची पेटी आखली, जी आपण आजही सिनेमात बघतो. पेटीचा तळ रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच उंच, म्हणजे साधारण साडेतीन ते पावणेचार फूट, असं त्यांचं मोजमाप ठरलेलं आहे. गाडीत बसल्या बसल्या हात पोचावा म्हणून. तिथे पेटी लावणं हे घरमालकाचं काम. आपल्याकडे शहरातल्या उंच इमारतींच्या तळमजल्यावर पत्रपेट्या असाव्यात असे बांधकामाचे नियम आहेत. खेड्यातल्या घराला कुणी विचारत नाही. पोस्टमनचा चांगुलपणा आपलं काम करत आलाय आणि आपण त्यालाच व्यवस्था समजून बसलोय.

तेव्हा कामाला लागा. आम्ही केलं ते असं.

जागा आपल्या हद्दीत, गेटच्या आत, पण तोंड रस्त्याकडे. पत्र बाहेरून टाकता यावं, दार आतून उघडावं. दोन इंची जीआय पाइप, साडेपाच फुटांचा. त्यातला दीड फूट जमिनीत. लाकूड नको, आमच्याकडे वाळवी दोन पावसाळ्यांत पोकळ करते. खड्ड्याच्या तळाशी थोडी खडी, पाणी मुरायला. मग पाइप उभा करून ओळंब्यानं सरळ करायचा आणि काँक्रीट ओतायचं. पाइपच्या खालच्या टोकाला आडवी सळईचे दोन तुकडे वेल्ड करून घ्या, म्हणजे पोरं लोंबकळली तरी तो गोल फिरत नाही. काँक्रीट पाइपभोवती जमिनीच्या थोडं वर उतरतं ठेवा, पाणी साचलं की पाइप तिथेच गंजतो. पेटी चढवायच्या आधी काही दिवस रोज पाणी मारा.

पेटी मुरबाडच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली. फट तेरा इंचांची, म्हणजे ए-४ आकाराचं पाकीट न दुमडता जातं. फटीवर बिजागरीची झडप, वर पुढे आलेलं उतरतं छप्पर. कोकणातल्या तालुक्यात पाऊस वरूनच नाही, आडवाही येतो. तळाला चार बारीक भोकं, रेड ऑक्साइड, त्यावर ऑइल पेंट. मे महिन्यात बसवून टाका, पहिल्या पावसात परीक्षा होते. आमची पास झाली. गांधीलमाश्यांनी एकदा घर करायचा प्रयत्न केला, दिवाळीत फटीत फटाका जाईल म्हणून चार दिवस फट चिकटपट्टीनं बंद ठेवली, एवढेच काय ते त्रास.

सगळ्यात जास्त वेळ गेला नावांवर. रंगारी विचारत होता, फक्त आजोबांचं टाकू ना? आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. मग बाबांचं? शेवटी चारही जणांची नावं लिहिली, आजीचं सगळ्यात वर, कारण तिथे राहते ती. खाली ग्रामपंचायतीचा घर क्रमांक. आईचं नाव बाबांच्या नावाखाली न येता स्वतंत्र ओळीत, पूर्ण. आई म्हणाली, लग्न होऊन तीस वर्षं झाली, या घराबाहेर माझं नाव पहिल्यांदा लागलं. बहिणीचंही लिहिलं. उद्या तिचं लग्न झालं तर पुसायचं का, असं शेजारच्या काकांनी विचारलं. नाही पुसायचं. जमिनीत तिचा हिस्सा असतो, मग पेटीवर का नसावा?

आमच्या म्हसोबाला लोक खांबलिंगेश्वर म्हणतात. लग्नघरात मांडवाची पहिली मेढ रोवतात, तिला आपण मुहूर्तमेढ म्हणतो, आणि कुठल्याही कामाच्या आरंभाला तोच शब्द वापरतो. इथून पुढे इथे काहीतरी उभं राहणार आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून आपण खांब रोवतो. ज्या गावात देवाच्या नावातच खांब आहे, तिथे एका पेटीसाठी दीड फूट खड्डा खणायला लोकांनी हसावं, याचं मला अजून नवल वाटतं.

किल्ल्या दोन आहेत. एक आजीच्या कनवटीला, एक कल्याणला. नवा पाठ असा की आजी रोज संध्याकाळी पेटी उघडते आणि काही असलं तर बाबांना फोन करते. ती वाचत नाही, पण पाकिटावर खिडकी आहे की शिक्का, लांब आहे की चौकोनी, हे सांगते. खिडकीचं पाकीट रविवारपर्यंत थांबतं. शिक्क्याचं असेल तर शेजारची नववीतली मुलगी ते फोनवर वाचून दाखवते.

निमताना मोजणीची तारीख अजून आलेली नाही. ती टपालानंच येणार आहे.